जानेवारीचा पगार कमी का आला

एडिसन, न्यू जर्सी
जानेवारी २०२६

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं की पगाराची स्लिप बघून तू धसकली आहेस. कंपनीने तुझा पगार कापलेला नाही. तुला महिन्यातून दोनदा दहा हजार डॉलर मिळतात, तेवढ्यावरच मांडून दाखवते.

सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, आपल्या पगारातून ६.२ टक्के जातात आणि तेवढेच कंपनी भरते. पण वर्षाची कमाई ठरावीक आकड्याला पोचली की कपात थांबते. २०२५ साली तो आकडा १,७६,१०० डॉलर होता. सप्टेंबरअखेरच्या चेकला तू तो ओलांडलास. त्या चेकमधून ६२० ऐवजी ३७८ डॉलर २० सेंट गेले आणि ऑक्टोबरपासून काहीच नाही. नोव्हेंबरपासून मात्र दर चेकला ९० डॉलर जास्त जायला लागले, कारण मेडिकेअरच्या, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, १.४५ टक्क्यांना मर्यादा नाही, उलट दोन लाखांच्या वर आणखी ०.९ टक्के लागतात. जानेवारी उजाडला की ६.२ टक्के पहिल्या डॉलरपासून पुन्हा सुरू. यंदाची मर्यादा १,८४,५०० आहे, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या चेकपर्यंत कपात होणार. मोठं घर भाड्याने घ्यायचं म्हणतेस ना? मग हिशोब जानेवारीच्या स्लिपवर कर, डिसेंबरच्या नव्हे.

मी इथे ज्या वेअरहाऊसचं पेरोल बघते, तिथल्या पॅकिंगच्या बायकांना असे बिनकपातीचे महिने कधीच येत नाहीत. ओव्हरटाइमसकट त्यांच्या प्रत्येक डॉलरवर डिसेंबरच्या शेवटच्या चेकपर्यंत ६.२ टक्के जातात. मर्यादेवरच्या कमाईचं पुढे पेन्शनही मिळत नाही, हे खरं आहे. तरीही ही मर्यादा बरीच वर न्यायला हवी असं मला मनापासून वाटतं, मग तुझ्या हातात थोडे कमी आले तरी चालतील. तुझी पुण्याची रूममेट एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, तिच्या पगारातूनही हेच कापतात. भारताशी या बाबतीत करार नाही, त्यामुळे दहा वर्षं भरायच्या आत ती परत गेली तर तिला पेन्शन नाही. तिला हे सांगून ठेव.

आता मुख्य गोष्ट. जूनअखेर नोकरी बदलायची म्हणतेस. नवी कंपनी जुन्या पगाराकडे बघत नाही, ती शून्यापासून कापायला लागते. दोन्हीकडे १,२०,००० झाले, तर मर्यादेच्या वरच्या ५५,५०० वर ३,४४१ डॉलर जास्त कापले जातील. ते तुझे आहेत. दोन्ही कंपन्यांचे डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचे आणि कपातीचे फॉर्म, आले की चौथ्या चौकटीतल्या रकमांची बेरीज कर. ती ११,४३९ च्या वर गेली, तर वरचे पैसे टॅक्स रिटर्नमध्ये मागून घे. कंपन्यांनी आपल्या वाट्याचं जे भरलं ते त्यांना परत मिळत नाही, त्यात तू पडू नकोस. रिटर्न भरण्याआधी दोन्ही डब्ल्यू-२ मला दाखव.

तुझी,
आई