बाबा, गाडी विकली नाही

प्रिय आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

सांगायचं म्हणून तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा "आईचा गुडघा कसा आहे?" एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. बाबा, हे दादाकडून वाचून घ्या. नवा नंबर काढल्याशिवाय त्या जुन्या चष्म्यानं वाचायचं नाही.

गाडी विकली नाही. भंगारवाला आला होता, तुम्ही ठरवलेल्या भावाला तयारही होता. त्यानं बोलता बोलता टायरला लाथ मारली आणि माझ्या तोंडून "नाही द्यायची" निघून गेलं. इतकंच असतं तर फोनवर सांगितलं असतं. पण तुमच्या चारशेसात टेम्पोची मी फिरती कार्यशाळा केली आहे आणि ते काम पूर्णही झालंय. आधी आरटीओची परवानगी घेतली, मग एमआयडीसीतल्या मिस्त्रीकाकांनी बॉडी केली, मग तपासणी होऊन आरसी बुकात बदल चढला. तुम्हाला विचारलं नाही, हे मनाला लागून आहे. विचारलं असतं तर तुम्ही "माझ्यासाठी जुनं लोढणं गळ्यात घेऊ नकोस" म्हणाला असता, आणि मी ऐकलं असतं.

हे मी तुमच्यासाठी केलं नाही, बाबा. सांगोला, मंगळवेढ्याकडे शेताशेतात सौर पंप आलेत. वॉरंटी संपली की कंट्रोलर, म्हणजे पंप चालवणारी पेटी, बिघडतो. कधी वीज चमकल्यानं, कधी पेटीत पाल शिरल्यानं. तो काढून शहरात पाठवला की पंधरा-पंधरा दिवस येत नाही, आणि डाळिंबाचा बहार काही पंधरा दिवस थांबत नाही. मी बांधावर उभी राहून दुरुस्त करून दिला तर त्याच संध्याकाळी पाणी सुरू होतं. पण शेतात दिवसा लाइट असेलच असं नाही. सोल्डरिंगला, लॅपटॉपला वीज आपली आपणच आणावी लागते.

टपावर 335 वॉटची तीन पॅनेल आडवी बसली, जणू हौदा त्यांच्याच मापाचा होता. ती टपापासून चार इंच वर उचललीत. खालून वारा खेळतो आणि टपावर सावली राहते. दिवसभर ऊन मिळालं तर चारेक युनिट मिळतात, मला दोन पुरतात. तुम्ही विचाराल, सोलापूरच्या मे महिन्यात तर डबल मिळत असेल? तसं नाही, बाबा. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते. भर उन्हात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं, तेव्हा सहावा हिस्सा असाच जातो. ते धरूनच हिशेब केलाय.

आई, आता तुझं. बॅटरी म्हटलं की तुला मामाचं दुकान आठवणार, मला माहीत आहे. त्या रात्रीचा वास माझ्याही नाकातून गेलेला नाही. म्हणूनच लिथियम फेरो फॉस्फेटची घेतली, लिथियमच्या जातीतली ही बरीच शांत. अ‍ॅसिड नाही, चार्जिंगला गॅस सुटत नाही. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज आहे, दाराशी आग विझवायचा सिलिंडर. ती टपाखाली तापू नये म्हणून पुढच्या भिंतीलगत, खाली ठेवलीय. 24 व्होल्ट, 200 अँपिअर-अवर म्हणजे जवळपास पाच युनिट. दोन दिवस आभाळ राहिलं तरी माझं काम अडत नाही.

एसी नाही, तो एवढ्या विजेत परवडत नाही. पण भिंतीत थर्माकोलचा जाड थर आहे, 30 वॉटचा पंखा आहे, आणि दुपारी बारा ते तीन मी झाडाखाली गाडी लावून जेवते. त्या वेळेत पॅनेलला ऊन मिळत नाही, चालतं. चाळीस लिटर पाणी असतं. मागच्या कोपऱ्यात दार लागणारं छोटं शौचालय केलंय, त्याचीच तुला जास्त काळजी असेल. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. दही नसलं की मात्र तुझी आठवण येते. मुक्काम हायवेवर कधीच नाही. मंगळवेढ्यात आत्याकडे, नाहीतर रात्री घरी. लायसन्सचंही सांगते, साडेसात टनांच्या आतली गाडी हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्ही लायसन्सवर चालते. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये ते पुन्हा कायम केलंय.

पैसे माझे आहेत. पाटल्या लॉकरमध्ये आहेत तशाच आहेत.

बाबा, एक गोष्ट लिहायची राहिली. मागचा फाळका काढावा लागला. त्याच्यावर पाय ठेवून तुम्ही मला वर उचलायचात आणि चादरींच्या गाठींवर झोपवायचात. खळीचा वास, वर ताडपत्री, तुळजापूर येईपर्यंत मला जाग यायची नाही. ते लाकूड टाकलं नाही. रंधा मारून त्याचंच कामाचं टेबल केलंय. काचेवरचं "श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न" तसंच आहे, त्याला रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. तुम्हाला वाईट वाटलं तर माझ्यावर रागवा, पण मनात ठेवू नका. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवतं ना?

आई, व्यायाम रोज दोनदा, वहिनी नसली तरी. मांडी घालून बसायचं नाही, देवासमोरसुद्धा नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळची सकाळीच. घरी आल्यावर पाणी सोडल्याच्या दिवशी मोटार मी लावणार, तुम्ही जिना उतरायचा नाही. दादाला सांगा, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी आणून सोड. नंदीध्वजाच्या काठ्या गच्चीतून नाही, नीट खुर्ची टाकून बघू.

आणि बाबा, चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना गिअर अजून अडकतो. मिस्त्रीकाका म्हणतात, गिअरबॉक्स ठीक आहे, तुमचा हात वेगळा होता. आल्यावर शेजारी बसून दाखवा. तोवर मी दुसऱ्यातच चालवते.

तुमची,
छकुली