परदेशी विद्यार्थी आणि घरमालकाचा सी-फॉर्म

महोदय,

परदेशी विद्यार्थी कोल्हापुरात आणायचे म्हटले की सामंजस्य करार आणि चकचकीत माहितीपत्रकांचीच चर्चा होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2022 मध्ये त्यांच्यासाठी मंजूर जागांवर 25 टक्क्यांपर्यंत जादा जागा ठेवायला मुभा दिली. म्हणजे जागा आहेत. गाडी अडते ती मुलगा उतरल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात.

180 दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी वा संशोधन व्हिसावर आलेल्याने 14 दिवसांत ई-एफआरआरओ पोर्टलवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर, नोंदणी करायची असते (काही देशांचे नियम वेगळे). पासपोर्ट, व्हिसा, आगमनाचा शिक्का, बोनाफाईड हे त्याच्याजवळ असते; नसतो तो राहण्याचा पुरावा. सागरमाळ किंवा राजारामपुरीत खोली देणाऱ्या मालकाने परदेशी भाडेकरू आल्यापासून 24 तासांत सी-फॉर्म, म्हणजे तो आपल्याकडे राहतो हे सरकारला कळवणारा अर्ज (2025 च्या नव्या नियमांत फॉर्म-3), ऑनलाइन भरायचा. पण त्याआधी मालकाचे स्वतःचे खाते मंजूर झालेले लागते. भाडेकरू दारात आल्यावर खाते उघडायला बसले, की मुदत तिथेच संपली. मग 'नको ते पोलिसांचे लचांड' म्हणत मालक खोलीच नाकारतो. त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याला हे कुणी सांगितलेलेच नसते.

दुसरी खोच नावाची. आपला कारकून सवयीने आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम लावतो. अनेक पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामाच असतो. प्रवेशपत्र, भाडेकरार आणि सी-फॉर्मवर तीन वेगवेगळी नावे झाली की नोंदणीचा अर्ज परत येतो. पासपोर्टवर आहे तसे, अक्षरन् अक्षर उतरवावे. आपले डोके चालवू नये.

संशोधकांची गोष्ट निराळी. राधानगरीच्या जंगलातली वनस्पती अभ्यासायला परदेशी माणूस आला, तर 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नमुन्याला हात लावण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. वनखात्याचा परवाना वेगळा. व्हिसा मिळाला म्हणजे सगळे मिळाले, असा समज मार्गदर्शकांचाही असतो.

स्वयंसेवकांबाबत संस्था सर्रास चुकतात. पर्यटक व्हिसावर फार तर एक महिना, तेही बिनमोबदला काम चालते. जास्त राहायचे तर नोंदणीकृत संस्थेसाठीचा शेरा असलेला रोजगार व्हिसा मायदेशातूनच काढून यावे. इथे येऊन व्हिसाचा प्रकार बदलून घेऊ, या भरवशावर कुणाला बोलावू नये.

युरोपीय संघाने 2016 च्या एकाच निर्देशात विद्यार्थी, संशोधक आणि स्वयंसेवक यांना घेतले. तिथे विद्यार्थ्याला आठवड्याला किमान 15 तास कामाची मुभा आहे. शिक्षण किंवा संशोधन संपल्यावर नोकरी शोधायला किमान नऊ महिने थांबता येते. आपला विद्यार्थी व्हिसा अशी सवलत देत नाही. तो प्रश्न दिल्लीचा.

कोल्हापूरच्या हातात आहे ते एवढे: प्रवेशपत्रे धाडण्यापूर्वीच, मे महिन्यात, विद्यापीठ आणि महाविद्यालयांनी खोल्या देणाऱ्या मालकांची यादी करावी, त्यांना एकत्र बसवून खाती मंजूर करून घ्यावीत आणि ती यादी पोलीस अधीक्षक कार्यालयाला द्यावी. वसतिगृहात सी-फॉर्म भरणारी किमान दोन माणसे असावीत. विमान शनिवारी रात्री उतरते, आणि पासवर्ड एकाच कारकुनाच्या वहीत असतो.

— परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेश-व्हिसाचे काम पाहणारे काहीजण, कोल्हापूर