जुन्या घाटाने यायचंच असेल तर

चि. सायू,

काल तू फोन कट केलास त्यानंतर मी ओटीवर बराच वेळ बसून होतो. आई म्हणाली आता परत लावू नका, चिडलीय ती, म्हणून लिहितोय. माझं चुकलंच. "तुला जमणार नाही" असं म्हणायला नको होतं. जमतं तुला. गाडी घेतलीस तेव्हा तिचा फोटो मी एसटी डेपोत जाऊन सगळ्यांना दाखवून आलो, रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी, आणि कोणीतरी म्हणालं पोरगी बापावर गेली तर मला पुढे बोलताच येईना.

माझं म्हणणं एवढंच आहे की गुरुवारी रात्री ऑफिस सुटल्यावर निघू नका. शुक्रवारी पहाटे चारला निघा. पळस्पे फाटा अंधारात जाईल, कर्नाळ्याच्या जंगलात झुंजूमुंजू होईल, वडखळला चहा घ्या, माणगावात गर्दी व्हायच्या आत पुढे सटका. तू म्हणतेस ना की मैत्रिणींना खरा रस्ता दाखवायचाय, मग अंधारात काय दाखवणार? दसऱ्याच्या सुमारास दोन्ही बाजूला भात पिवळं पडलेलं असतं, ओहोळांना अजून पाणी असतं, हे बघायला उजेड लागतो.

कशेडीचा बोगदा सोडून जुन्या घाटाने यायचं म्हणालीस तेव्हा मी ओरडलो, पण खरं सांगू, आतून बरंही वाटलं. सगळे आता बोगद्याने दहा मिनिटांत पलीकडे जातात, घाटाला आम्हाला पाऊण तास लागायचा. तुला आठवतं का, मे महिन्यात तुला मी मुंबईच्या गाडीला घेऊन जायचो, तू बॉनेटजवळ बसायचीस, बॉनेट तापायचं म्हणून आईने गोधडीची घडी दिलेली असायची. आणि येताना परशुराम घाट उतरला, खाली वाशिष्ठी दिसली की तू पाढे म्हणावेत तशी गावं म्हणायचीस, चिपळूण, सावर्डे, आरवली, संगमेश्वर, हातखंबा, पाली, लांजा. एकदा आरवलीला गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवायचे म्हणून हट्ट धरलास, गाडीत पन्नास पॅसेंजर, कसा थांबणार मी? ते राहूनच गेलं. या वेळी थांबा तिथे. संगमेश्वरला कसब्यातही थोडं आत जा, १६८९ साली संभाजी महाराजांना पकडलं ते गाव, मी सतरा नंबरचा हायवे सहासष्ट नंबरचा होईपर्यंत आणि नंतरही त्या फाट्यावरून किती वर्षं गेलो पण आत एकदाच गेलोय. ड्युटीवर रस्ता बघायचा असतो, गावं नाही.

पण जुना घाट रात्री नको गं. पूर्वी रात्रभर ट्रक असायचे, गाडी बंद पडली तर मागचा थांबायचा, टॉमी द्यायचा, जॅक द्यायचा. आता सगळी वर्दळ बोगद्यात गेली. तुम्ही तिघी, गाडी सेकंडहँड, आणि ऑफिसात दिवसभर काम करून निघालेली तू.

सावित्रीचा पूल पडला ती रात्र मी कधी तुझ्याशी बोललो नाही. २ ऑगस्ट २०१६. माझी सुट्टी होती, घरीच होतो. दोनच रात्री आधी मी त्याच पुलावरून गाडी नेली होती. महाबळेश्वरला पाऊस कोसळत होता आणि सगळं पाणी सावित्रीला आलेलं. इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल, अरुंद, गाडी वर चढली की टायरचा आवाज बदलायचा, कठड्याच्या सांध्यांतून झाडं उगवलेली हेडलाइटमध्ये दिसायची. आपल्या दोन एसट्या गेल्या, राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई. चांगली हाताची माणसं होती गं ती स्टेअरिंगवर. चूक काहीच नव्हती त्यांची. हेडलाइटच्या पुढे रस्ता आहे असं धरूनच आपण गाडी चालवतो, दुसरं काय करणार. पुढच्या जूनमध्ये नवा पूल झाला, त्यावरून पहिल्यांदा गेलो तेव्हा टायरचा आवाज बदललाच नाही आणि मला घाम फुटला. रिटायर होईपर्यंत महाडला रात्री पोचलो की काच खाली करायचो, पाण्याचा आवाज ऐकायला.

हे वाचून घाबरू नकोस, आता तो पूल चांगला आहे. मी परत भाषण द्यायला लागलो, माफ कर. दादाच्या वेळेला काहीच बोललो नव्हतो, त्यामुळे आता जास्त बोलतो, आई म्हणते तसं.

दोन-चारच गोष्टी. घाट ज्या गियरमध्ये चढतेस त्याच गियरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस तर लायनर तापतात, जळका वास येतो, तो आला की मग उशीर झालेला असतो. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, ती थांबली तर परत उचलायला जड जाते. धुकं आलं तर अप्पर लावू नकोस, समोर पांढरी भिंत होते, डिपरवर राहा आणि डाव्या कडेचा पट्टा धर. पण धुकं सकाळी नऊनंतर फारसं राहत नाही, हेही लक्षात घे.

स्टेपनीत हवा आहे का ते बघ. विकणाऱ्याने सांगितलं असेल तरी स्वतः बघ.

लांज्याला स्टँडसमोर मी उभा राहीन, तिथून घरापर्यंत मला चालवायची नाहीये, मी बाजूला बसेन, मला तुझा हात बघायचाय. आई विचारतेय मैत्रिणींना घावन चालतील की आंबोळ्या करू. मी तिला सांगितलंय शुक्रवारी दुपारच्या जेवणाला याल, म्हणजे पहाटे चारला निघालात तर.

तुझे
बाबा