भाऊ, त्या लाल वहीसाठी आभार

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

घरी येऊनही आभार मानता आले असते, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. पोकरमध्ये पत्ते सलग विरोधात पडू लागले की नीट सांगणारं माणूस सहसा भेटत नाही. मला तुम्ही भेटलात.

आपला शनिवारचा खेळ नागपुरात धरमपेठेतल्या गच्चीवरचा, पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर. तरी त्या उन्हाळ्यात हरत गेलो तसा मी आतून पार खचलो. हातातल्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी आली की आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा यायचा. मित्र प्रेमाने म्हणायचे, ‘पुढचा डाव तुझाच.’ खचलेल्या खेळाडूला याहून घातक धीर नाही, असं माझं ठाम मत झालंय. गड्डी दर वेळी नव्याने पिसली जाते. एक्क्यांची जोडी मिळायची शक्यता २२१ मध्ये १, आणि कितीही हरलात तरी तेवढीच.

तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. फुटाळा तलावावर बसून मी तो डाव सांगत होतो. माझे एक्के, समोर राजांची जोडी, सगळ्या चिप्स फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरचे सगळ्यांचे पहिले तीन पत्ते उघडायच्या, आधीच मध्ये. नव्वी, पंजी, दुर्री पडली, टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, सत्ती. मी शेवटच्या, पाचव्या पत्त्यावर येणार, तोच तुम्ही हात वर केलात.

“थांब. पुढचं सांगू नको. इथवर तुह्यं काय चुकलं?”

काहीच चुकलं नव्हतं.

“मंग रडून काहून राहिला बे?”

आणि मग हिशोब मांडलात. आठ पत्ते दिसलेले, ४४ उरलेले, त्यांत मला हरवणारे राजे दोन. म्हणजे साडेचार टक्के. त्यानंतरच्या गणिताने मात्र मी खरा शांत झालो. ८० टक्के जिंकणारा हात पाचदा लावला, तर पाचही वेळा जिंकायची शक्यता किती? मोबाइलवर गुणाकार करून दाखवलात, ३३ टक्क्यांच्याही आत! पाचांत एखादा तरी फटका बसणं हेच नेहमीचं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती लांब, लाल पुठ्ठ्याची वही तुम्ही नंतर दिलीत. रकाने तुमच्याच हाताने आखलेले: माझे पत्ते, बसायची जागा, पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) किती, समोरच्याकडे काय असू शकतं, मी काय केलं, का केलं. डाव कोण जिंकलं, याला रकानाच नाही. लिहीत गेलो तसे नशिबाने हात दिलेले डावही दिसू लागले. एकदा अठ्ठ्यांच्या जोडीवर मी राण्यांच्या जोडीसमोर सगळं लावलं होतं. पाचांत चार वेळा हरायचा हात, तरी चिप्स माझ्याकडे आल्या होत्या. असे डाव मनात टिकत नाहीत, बॅड बीट, म्हणजे वरचढ हात असून हरलेले डाव, तेवढे टिकतात.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून आभार. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाल्यावर एकाने मला चोरून चालणाऱ्या टेबलावर बोलावलं होतं. तुम्ही ठणकावून अडवलंत. टिल्टवर असलेल्या, म्हणजे हरून तोल गेलेल्या, माणसाने हरलेलं भरून काढायला पैशांच्या खेळात उतरणं म्हणजे काय, हे तुम्ही जवळून पाहिलेलं होतं, आणि ते माझ्यापासून लपवलं नाहीत.

शनिवारी वही घेऊन येतो. एक डाव तुमच्यासाठी खूण करून ठेवलाय. मी बटनवर, म्हणजे शेवटी खेळायच्या जागेवर, हातात इस्पिकचे राणी-गुलाम. फ्लॉपला चौकटचा एक्का आणि दोन लहान इस्पिक. समोरच्याने पॉटएवढी बेट केली, मी पत्ते टाकले. पुढच्याच पत्त्यावर फ्लश, म्हणजे पाच इस्पिक, लागायची शक्यता १९ टक्के, आणि एवढी बेट भरून बरोबरीत सुटायला ३३ तरी हवेत. पण दोघांकडेही चिप्स भरपूर होत्या, फ्लश लागला असता तर पुढे आणखी मिळाल्या असत्या. तुम्ही काय केलं असतं?

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
शनिवारच्या टेबलावरचा धाकटा