खाली कोण राहतं, हे आधी विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही साताऱ्याला मुलीकडे राहायला गेलात त्याला आता दीड महिना होईल. निघायच्या आदल्या संध्याकाळी आभार मानायला वर आले होते, तर तुम्ही "अगं, वाळूच तर सांगितली, त्यात काय" म्हणालात आणि लगेच माशांच्या टाकीचं झाकण नीट बसतंय का, ते विचारू लागलात. तेव्हा बोलायचं राहून गेलं, ते आज लिहितेय. आणि उघडपणे लिहितेय, कारण पुण्यात कितीतरी घरांत फिशटँक आहेत. त्यांच्या तळाला काय घालायचं हे दुकानातून निघताना शेवटच्या मिनिटाला रंग बघून ठरतं. आमच्याकडेही तसंच ठरलं होतं.

दोन फूट बाय एक फुटाची टाकी, तळाला फिल्टरची भोकाभोकांची प्लेट, तिच्यावर चकचकीत निळे खडे. मुलाला सहा कोरी, म्हणजे कोरिडोरास जातीचे तळाशी राहणारे मिशावाले छोटे मासे, हव्या होत्या, त्या आणल्या. दोन महिन्यांत त्यांच्या मिशा आखूड झाल्या. मला आधी लक्षातच आलं नाही. मुलानेच दाखवलं, की एकीच्या तोंडाजवळ फक्त दोन पांढरे ठिपके उरलेत. मग एक गेली, आठवड्याने दुसरी. दुकानदाराने औषधाची बाटली दिली. पाणी निळं झालं, बाकी काही झालं नाही. मुलगा शाळेतून आला की दप्तर न काढता आधी टाकीपाशी जाऊन मोजायचा.

'कोरींना वाळू लागते' एवढंच कुठूनतरी कळलं, म्हणून सिंहगड रोडला आमच्या नात्यातल्या एकांच्या घराचं काम चालू होतं तिथून अर्धी गोणी घेऊन आले आणि खाली पार्किंगमध्ये धुवायला बसले. दहाव्या बादलीलाही पाणी राखाडीच. तुम्ही दूध घेऊन येत होतात. थांबलात, चिमूटभर वाळू उचललीत, अंगठा आणि बोटात धरून कानाजवळ चोळलीत. आणि पहिला प्रश्न विचारलात, "टाकीत खाली कोण राहतं?"

काका, आतापर्यंत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. टाकी किती मोठी, बजेट किती, कुठला रंग, एवढंच सगळ्यांनी विचारलं. मी कोरी म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, ती जेवते कशी? मला सांगता येईना. तेव्हा तुम्ही सांगितलंत, की ती तोंडात वाळू भरून घेते, खाण्यासारखं असेल ते ठेवते आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडते. दिवसभर तिचं हेच चालतं. म्हणजे जी वाळू आपण हातात घेऊन बघतोय ती तिच्या तोंडातून आणि कल्ल्यांतून जाणार आहे. निळ्या खड्यांवर तिला हे करताच येत नव्हतं, ती नुसती तोंड घासत होती. खड्यांच्या फटींत पडलेलं खाणं कुजत होतं ते वेगळंच. तुम्ही म्हणालात, अर्धा दोष खड्यांच्या धारदार कडांचा आणि अर्धा घाणीचा. औषधाने यातलं काय जाणार होतं?

मग तुम्ही मला जिन्यातच बसवून अर्धा तास जे शिकवलंत ते मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवलं. मी आणलेली वाळू म्हणजे क्रश सँड, आपल्याकडचा काळा पाषाण मशीनमध्ये फोडून केलेली. तिला कोपरे असतात, सिमेंटला धरून राहायला ते चांगलेच, पण माशाच्या तोंडाला नाहीत. बोटात चोळली की 'करकर' असा कोरडा, बोचरा आवाज येतो. नदीच्या वाळूचा दाणा वाहत, घासत आलेला असतो, तो बोटाखाली घरंगळतो. तुम्ही भिंग आणून दोन्ही दाखवलेत. एकदा दिसल्यावर फरक विसरता येत नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एक तृतीयांश वाळू आणि वर पाणी घालून हलवून ठेवायला लावलंत. सकाळी बघितलं तर दाणे तळाशी, त्यावर बोटभर जाड दगडाच्या पिठाचा थर, आणि पाणी तरीही गढूळ. पंधरा बादल्या धुऊनही ही निवळली नसती.

दापोलीहून आत्याने दिलेली समुद्राची पांढरी वाळू माझ्याकडे होती. मऊ, गोल दाण्यांची, मला तीच घालायची होती. तुम्ही तिच्यावर व्हिनेगर टाकलंत आणि बारीक बुडबुडे फसफसले. शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे चुना. तो पाण्यात हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा, वर चढतो. आपल्याला महापालिकेचं पाणी येतं ते खडकवासल्याच्या धरणसाखळीचं, घाटातल्या पावसाचं, मुळात हलकं. त्यात हा फरक पटकन जाणवणार. शेजारच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी आहे, तिथे गणित निराळं, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. आणि ती वाळू वाईट म्हणून नाही, तर आपल्या माशांना नको म्हणून बाजूला ठेवलीत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मासे कोणी पाळले तर त्यांना जड पाणीच लागतं, त्यांच्या टाकीत शिंपल्यांचा चुरा मुद्दाम घालतात. मला हे फार आवडलं. व्हिनेगर सौम्य असतं, थोडा चुना असेल तर बुडबुडे दिसत नाहीत, म्हणून कुठलीही नवी वाळू आठवडाभर बादलीत भिजत ठेवून आधीचा आणि नंतरचा पीएच बघायची सवयही तुम्हीच लावलीत.

नदीची वाळू कुठे मिळेल असं मी विचारलं तेव्हा मात्र तुमचा आवाज बदलला. नदीला हात लावू नकोस, म्हणालात. आणि माझ्या मुलाला झेब्रा लोचबद्दल सांगितलंत: पिवळट अंगावर बारीक उभे पट्टे असलेला, ओठांना मिशा असलेला मासा, सह्याद्रीतल्या आपल्या कृष्णा खोऱ्यातला. १९२० साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. पुण्याच्या मुळा-मुठाही पुढे भीमेतून कृष्णेलाच जातात. तळाशी जगणाऱ्या माशाचा तळच उपसून नेला तर त्याने जायचं कुठे, असं तुम्ही विचारलंत. मुलगा त्या रात्री जेवताना गप्प होता. नंतर म्हणाला, "आई, दुकानात झेब्रा लोच मिळाला तरी आपण नाही घ्यायचा."

उभी हयात पाण्याच्या फिल्टरवर घालवलेला माणूस आमच्याच जिन्यात राहतो आणि आम्हाला पत्ता नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही सुचवलीत ती फिल्टरची वाळू, सिलिकाची, पाण्यात न विरघळणारी. तिचे दाणे एकसारखे का असावे लागतात तेही समजावलंत: मोठ्या दाण्यांच्या फटींत बारीक दाणे जाऊन बसले की पाणी अडतं. टाकीतही हेच. फार बारीक वाळू घट्ट बसते, आत पाणी खेळत नाही, ऑक्सिजन संपतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू धरतो. म्हणून साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचा दाणा. मी मिलिमीटर ऐकून गोंधळले तेव्हा तुम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलंत: मैदा नको, साबुदाणा नको, रवा हवा, फार तर खसखस. हे वाक्य मी तेव्हापासून चार जणांना ऐकवलंय आणि चौघांनीही बरोबर वाळू आणलीय.

नुसत्या नावावर जाऊ नकोस, हा तुमचा सल्ला किती खरा होता! दोन दुकानांत 'फिल्टरची वाळू' म्हणून दोन वेगळ्या वाळू दाखवल्या. एक क्वार्ट्झ फोडून केलेली होती, बोटाला टोचणारी. चोळून बघितल्याशिवाय ते कळलंच नसतं. दुसरी घेतली, फिकट पिवळसर. मला पांढरीशुभ्र हवी होती, पण उजळ तळावरून प्रकाश उलटा येतो आणि मासे बुजून फिके पडतात, असं तुम्ही म्हणाला होतात. ते आता रोज दिसतंय. कोरींच्या अंगावरची हिरवट तांबूस झाक निळ्या खड्यांवर कधी दिसलीच नव्हती.

किती आणायची तेही तुम्ही हिशेबाने काढून दिलंत. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३ सेंटिमीटर थर म्हणजे ५,४०० घनसेंटिमीटर, साडेपाच लिटरच्या आत. लिटरला दीड किलो धरली तर आठ किलोच्या आसपास. दहा किलो आणली. गुरुवारी पाणी बंद असतं म्हणून धुवायला शनिवार ठरवलात. कोरडी चाळू नकोस, सिलिकाची धूळ छातीत जाते, आधी भिजव, असं तीनदा बजावलंत. बोहरी आळीतून आणलेली जाळी तुम्ही स्वतः लाकडी चौकटीला ठोकून दिलीत. अर्धी अर्धी बादली घेऊन, नळी तळापर्यंत खुपसून, पाणी वरून वाहू द्यायचं. तुमच्या फिल्टरलाही पाणी असंच खालून उलटं सोडून धुवायचे, हे सांगताना तुमचा चेहरा काय खुलला होता. धुतल्याचं पाणी एक थेंबही गटारात न जाता खालच्या झाडांना गेलं.

पण ज्यासाठी मी तुमची सर्वात जास्त ऋणी आहे ते म्हणजे तुम्ही मला थांबवलंत. त्याच रविवारी खडे उपसून वाळू ओतायला मी निघाले होते. तुम्ही म्हणालात, प्लेटवाल्या फिल्टरमध्ये पाणी साफ करणारे जिवाणू त्या खड्यांवरच राहतात. एका दिवसात सगळे खडे काढले तर माशांच्या अंगातून पाण्यात येणारा अमोनिया कोण खाणार? आणि प्लेटवर वाळू ओतली असती तर भोकंही बुजली असती. म्हणून आधी स्पंजचा फिल्टर लावून तो जुन्याच्या जोडीला महिनाभर चालवायचा, मग खडे आणि प्लेट काढायची. तरीही दोन मुठी खडे नायलॉनच्या मोज्यात बांधून काही आठवडे टाकीत लटकवायचे. एक महिना! मुलाला तो महिना फार मोठा गेला, मलाही. दर सुटीला तळावरची घाण मी नळीने ओढून घेत होते. त्या महिन्यात एकही मासा गेला नाही.

वाळू घालून आता अकरा आठवडे झाले. पहिल्याच संध्याकाळी एक कोरी डोळ्यांपर्यंत आत घुसली आणि तिच्या कल्ल्यांतून वाळूची बारीक धार बाहेर पडली. मुलाने मला ओरडून बोलावलं, आम्ही दोघं दिवा न लावता जमिनीवर बसून बघत होतो. चौघींपैकी तिघींच्या मिशा परत वाढल्यात. एकीच्या मुळापासूनच गेल्या होत्या, त्या येतील असं वाटत नाही, पण तीही बाकीच्यांसारखीच वाळू चाळून खाते. घाण आता वरच दिसते. सुरुवातीला वाटलं टाकी मळकी झाली, मग तुमचं आठवलं की दिसते म्हणून काढता येते. नळी वाळूच्या बोटभर वर फिरवते, तेवढ्या वेळ फिल्टर बंद ठेवते, म्हणजे उडालेले कण त्यात ओढले जात नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलंच. गेल्या सोमवारी रात्री पाऊस झाला, मंगळवारी सकाळी मी थोडं गार पाणी बदललं, आणि दुपारी पुढच्या काचेला अंडी चिकटलेली दिसली. मुलाने मोजली, सतरा. बोटाने हळूच सोडवून वेगळ्या डब्यात ठेवलीत, बारीक हवा सोडलीय. पाच बुरशी धरून गेली, बाकीच्यांतून कालपासून पिल्लं बाहेर येतायत, पापणीच्या केसाएवढी. मुलगा विचारतोय, पिल्लांच्या डब्यात वाळूचा पातळ थर घालायचा, की थोडी मोठी होईपर्यंत तळ मोकळाच ठेवायचा? मी त्याला म्हटलं, काकांना विचारू. फोन केलात तर उत्तम, नाहीतर दोन ओळी लिहून कळवा.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची