योजना मंजूर झाली. स्वहिस्सा आणि वीजबिलाचे काय?

महोदय,

पाणीपुरवठा किंवा भुयारी गटार योजना मंजूर झाली की मंजुरीचा आकडा सर्वांच्या तोंडी होतो. त्यातले किती पैसे, कधी आणि कोणी द्यायचे, याची चर्चा मात्र होत नाही. बहुतेक योजना तिथेच अडतात.

सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 5 लाखांवर होती. अमृत 2.0 या केंद्राच्या शहरी पाणी-मलनिस्सारण योजनेत 1 ते 10 लाख वस्तीच्या शहराला केंद्राकडून एक तृतीयांश रक्कम मिळते. तीही 20, 40, 40 टक्के अशा तीन हप्त्यांत. समजा योजना 300 कोटींची आहे. केंद्राचे 100 कोटी, पण पहिल्यांदा हाती येणार 20 कोटी. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय सुटत नाही. तोवर ठेकेदाराची चालू बिले भागवायला स्वहिस्सा, म्हणजे महापालिकेचा स्वतःचा वाटा, हाताशी लागतो. तो नसेल तर बिल थकते, ठेकेदार माणसे आणि यंत्रे काढून नेतो, खोदलेला रस्ता तसाच पडतो. आणि खर्च न झाल्याने प्रमाणपत्रही जात नाही. रेल्वे रुळाखालून पाइप नेण्याच्या परवानग्या, टाकीची जागा, ही दुखणी आणखी वेगळी. वर्षाला 6 टक्के भाववाढ धरली तर तीन वर्षांच्या उशिराने 300 कोटींचे 357 कोटी होतात. केंद्राचा वाटा मात्र मंजूर रकमेपुरताच राहतो.

महापालिकेचा वाटा 30 टक्के धरला तर 90 कोटी. साडेआठ टक्क्यांनी 15 वर्षांसाठी कर्ज काढले तर वर्षाचा हप्ता जवळपास 11 कोटी. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) हाही गेला; आता जीएसटीच्या भरपाईवर आधी पगार-पेन्शन भागवायचे असते. पुण्याने 2017 मध्ये पाणी योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे 7.59 टक्क्यांनी काढले, हे खरे. पण त्यासाठी पतमानांकन, वेळेत झालेले लेखापरीक्षण आणि भक्कम करवसुली लागते. आपल्यासारख्या शहरांना तामिळनाडूची वाट जास्त जवळची वाटते. तिथे 2002 मध्ये 13 छोट्या नगरसंस्थांनी एकत्र येऊन सामाईक कर्जरोख्यांतून सुमारे 30 कोटी उभे केले. कृष्णा-पंचगंगा काठची सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, कराड असे का करू शकत नाहीत? राज्याने त्यात पुढाकार घ्यायला हवा.

दुसरा खड्डा योजना सुरू झाल्यावर पडतो. रोज 5 कोटी लिटर पाणी 50 मीटर उंच उचलायचे आणि पंपसंचाची कार्यक्षमता 65 टक्के असेल, तर साधारण साडेदहा हजार युनिट वीज लागते. युनिटला 8 रुपये धरले तर वर्षाला 3 कोटी. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने इंपेलर, म्हणजे पंपातले फिरते चाक, झिजून कार्यक्षमता 50 टक्क्यांवर आली की त्यात आणखी 90 लाखांची भर. इंपेलर बदलायला याच्या मानाने फार थोडे पैसे लागतात, पण ती तरतूद अंदाजपत्रकात सापडत नाही. आणि महापूर? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. 2019 च्या त्या पातळीच्या वर वीज पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर बसवण्याचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरायला हवा. नंतर तो अनुदानात बसवणे अवघड जाते.

पाणीपट्टीची वसुली सर्वसाधारण खात्यात मिसळू नये. तिचे स्वतंत्र एस्क्रो खाते, म्हणजे ठरलेल्या कामांसाठी ठरलेल्या क्रमानेच पैसे काढता येतील असे बँक खाते, असावे. त्यातून आधी वीजबिल, मग दुरुस्ती, मग कर्जाचा हप्ता जावा. धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, भरवसा वाटतो तो अशाच खात्यामुळे आणि व्याजदरही त्यानेच खाली येतो. मीटरशिवाय मात्र हे खाते भरणार नाही. वापर न मोजता घेतल्या जाणाऱ्या ठोक पाणीपट्टीत गळती कुठे आहे तेच कळत नाही.

पुढच्या प्रत्येक योजनेच्या प्रकल्प अहवालासोबत पहिल्या 10 वर्षांचे वीजबिल, देखभाल आणि कर्जफेडीचे वर्षवार पत्रक महापालिकेने मराठीतून प्रसिद्ध करावे आणि निविदा त्यानंतरच काढावी, अशी आमची मागणी आहे.

— पाणीपुरवठा क्षेत्रातील काही निवृत्त अभियंते, विश्रामबाग, सांगली