चिठ्ठ्या हरवलेला माल

वॉशिंग्टन, २० ऑक्टोबर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा लेक कामावर गेल्यावर मी एकटाच जुन्या पेटंट ऑफिसच्या इमारतीत जाऊन आलो. आता तिथे चित्रसंग्रहालय आहे. चित्रांतलं मला काय कळतं, तुला ठाऊकच आहे. मला बघायची होती ती वास्तू, जिथे चार्ल्स विल्क्सच्या सफरीतला माल मांडला होता.

हा अमेरिकी नौदलातला माणूस ऑगस्ट १८३८ मध्ये सहा जहाजं घेऊन प्रशांत महासागराच्या शोधसफरीवर निघाला आणि जून १८४२ मध्ये परतला. एक जहाज चिलीजवळ बेपत्ता झालं, दुसरं कोलंबिया नदीच्या मुखाशी फुटलं. तरी वनस्पतींचे पन्नास हजार नमुने, दोन हजारांवर पक्षी आणि बेटांवरच्या लोकांच्या चारेक हजार वस्तू आल्या. पुढे हे सगळं स्मिथसोनियन या इथल्या संग्रहालय-संस्थेकडे गेलं.

रात्री झोप लागत नाही, तेव्हा मी त्यांच्या यादीतले फोटो बघत बसतो. फिजीची एक आखूड गदा आहे, 'उला' म्हणतात. डोकं मोसंब्याएवढं, झाडाच्या मुळाच्या गाठीतून काढलेलं. मुठीवर बारीक नागमोडी कोरीव काम, हात घसरू नये म्हणून. कमरेला खोचायची आणि नेम धरून फेकायची. अशा फेकीच्या वस्तूवर इतकी नजाकत!

सफरीतल्या पेट्या आधी आल्या, जाणकार नंतर. सांभाळायला नेमले होते एक पाद्रीबुवा. त्यांनी मद्यार्कातले जीव काढून वाळवले आणि चिठ्ठ्यांचा पार गोंधळ झाला. तुमच्या वाड्याची वाटणी आठवली. नाव कोरलेली भांडी बिनबोभाट ज्याच्या त्याच्या घरी गेली, चिठ्ठ्या चिकटवलेल्यांवरून मात्र काका अजून बोलत नाहीत!

पण दिलीप, एका चिठ्ठीपाशी मी अडकलो. जुलै १८४० मध्ये फिजीच्या मालोलो बेटावर विल्क्सचे दोन अधिकारी मारले गेले, त्यात त्याचा सख्खा भाचा. त्याने गावं जाळली, ऐंशीच्या आसपास माणसं मारली. फिजीच्या गदांपैकी किती मोल देऊन घेतल्या नि किती राखेतून उचलल्या, हे कुठल्या चिठ्ठीवर असणार? त्याआधीच वेइदोवी नावाच्या सरदाराला पकडलं होतं, जुन्या एका हत्याकांडाच्या आरोपावरून. त्याच्या भावांना जहाजावर ओलीस ठेवून त्याला हजर व्हायला लावलं. दोन वर्षं जहाजावर काढून तो न्यूयॉर्कला पोचला आणि लगेच वारला. त्याची कवटी याच इमारतीत मांडली होती. हिची चिठ्ठी मात्र हरवली नाही.

उद्या वनस्पती उद्यानात जाणार आहे. सफरीतून आणलेल्या एका नेच्याचा वंश तिथे अजून आहे म्हणतात. फोटो पाठवतो. आणि आजीचा 'ग. ल.' कोरलेला तांब्या सापडला का, ते कळव.

तुझा,
श्रीकांत